गाडीला गोडं पाणी

माझं माहेर चौलचं. आई-वडील दोघंही दुसऱ्यांच्या सुपारीच्या वाडीत राबायचे, सुपाऱ्या सोलून आईच्या बोटांची पेरं कायम काळी, आणि सासर मिळालं ते इथेच, रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठाला, म्हणजे मी आयुष्यात फार लांब कुठे गेलेच नाही बघा. दहावी झाले होते म्हणून शाळेत शिपाई लागले. घंटा देणं, वर्ग झाडणं, पोरांची भांडणं सोडवणं, एकोणतीस वर्षं हेच. त्यामुळे आवाज मोठा झालाय, घरात ऐकायला कुणी नसलं तरी तो काही बारीक होत नाही.

हे गाडी चालवायचे. पांढरी व्हॅन, सात जणांची. शनिवार-रविवार हरिहरेश्वरला पर्यटक न्यायचे, एरवी अलिबागहून शिक्षकांची ने-आण. मलाही त्यांनीच शिकवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर. क्लच सोड, अगं हळू सोड, असं ओरडायचे, आणि मी म्हणायचे, ओरडू नका, मी शाळेतली पोर नाही. लायसन काढलं, पण चालवली कुठे, हे होते ना. मग हे गेले. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं. त्यावर मी जास्त बोलत नाही.

बोलायचं ते पुढचं. यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि माझी थोरली जाऊ सुमनताई सगळ्यांसमोर म्हणाली, मंदा, गाडी आता आमच्या वैभवला दे, तुझ्याकडं चालवायला कोण हाय? मी म्हटलं, फोटोवरचा हार तर सुकू द्या, ताई. आवाज मोठा ना माझा, मांडवाबाहेर गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. तिचं घर माझ्या वरच्या अंगाला, मध्ये फक्त दगडाचा गडगा. तिचा मुलगा वैभव नंतर खारघरला नोकरीला गेला, दीर तर आधीच गेलेले, म्हणजे गडग्याच्या अलीकडे मी एकटी आणि पलीकडे ती एकटी. तिच्या कुकरला शिट्ट्या किती झाल्या ते मला कळतं, माझ्या टीव्हीवर काय लागलंय ते तिला कळतं, पण बोलायचं नाही.

गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी राहिली. आमच्याकडची हवा खारी, लोखंड नुसतं ठेवलं तरी खाते. दारांच्या कडांचे पापुद्रे सुटायला लागले. माझा मुलगा संदेश पुण्याला असतो. त्याचा फोन आला, आई, मे अखेरीला येतोय तेव्हा भंगारवाल्याला बोलावलंय, ते भूत नको अंगणात. मी म्हटलं, मी चालवेन. तो हसला. म्हणाला, गाडीकडे बघ तरी, लोक तुला बघून रस्ता सोडतील. त्या हसण्याचा मला राग आला. मेकॅनिक आणला, त्याने बॅटरी बदलली, ब्रेक बघितले, इंजिन म्हणाला ठणठणीत आहे. राहिलं ते वरचं अंग. म्हटलं, ते मी करते. शाळेची बाकं मीच रंगवत आलेय, गाडी काय वेगळी असते?

वेगळी असते. अलिबागहून पांढऱ्या रंगाचे स्प्रेचे डबे आणले, प्रायमर आणला, वॉटर पेपर आणला. तो पाण्यात भिजवून घासायचं, गंज जाऊन पत्रा चमकेपर्यंत, मग धुवायचं, सुकवायचं. चार दिवस घासलं, खांदा भरून आला. काचांवर शाळेच्या रद्दीतल्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका चिकटवल्या. आणि रंग मारायचा तो सकाळी साडेसहाच्या सुमाराला, जमिनीकडचा वारा पडलेला असतो आणि समुद्राकडचा सुटलेला नसतो, तेवढाच वेळ. अंगात यांचा जुना शर्ट, नाकाला रुमाल, डबा एक वीत लांब, आणि हात थांबवायचा नाही, थांबला की ओघळ आलाच. त्याआधी डबा हलवायचा, आत गोळी असते ती खडखडते. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांत माझ्या अंगणात तेवढा आवाज झाला नव्हता. मी गरजेपेक्षा जास्तच हलवायचे.

दारं चकचकीत झाली. आठव्या दिवशी बघते तर रंगावर घामोळं. बारीक फोड, नखाने दाबला की आत पाणी आणि गंज. संदेश यायला वीस दिवस राहिलेले. सुकट घ्यायला रेवदंड्याला गेले, तिथे किनाऱ्यावर एक म्हातारे होडी रंगवत होते, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, बाय, धुतलंस कंच्या पान्यानं? म्हटलं, घरच्या विहिरीच्या. म्हणाले, खाडीकडंची ना, मचूळ पानी गं ते, मीठ ठेवलंस पत्र्यावर नि वरनं रंगानं झाकलंस, आमी होडी पन गोड्या पान्यानं धुतल्याबिगर रंगवत न्हाय.

मला माझाच राग आला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नाही का? नळाला मे महिन्यात चार दिवसांनी पाणी, तेही पिण्यापुरतं. गोडं पाणी एकाच ठिकाणी, सुमनताईच्या विहिरीला. पूर्वी मी तिथूनच भरायचे.

दोन दिवस मी तिच्याकडे गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी सगळा रंग पुन्हा घासून काढला आणि दोन रिकामे हंडे घेऊन गडग्यापाशी उभी राहिले. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, पाणी हवंय. कशाला, ती म्हणाली, वर न बघता. खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, गाडी धुवायला. ती उठली. मला वाटलं आता आत जाते नि दार लावते. तर विहिरीवर गेली, हंडे भरले, एकेक करून गडग्यावर ठेवले, आणि म्हणाली, सकाळचा तो खडखडाट तुझाच व्हय, मला वाटलं डोकं फिरलं हिचं. बस, एवढंच. पुढे चार दिवस मी रिकामे ठेवायचे, भरलेले उचलायचे. बोलणं नाही.

या वेळी फोड आले नाहीत. संदेश आला, गाडीभोवती फिरला, हात फिरवून बघितला. कुणी केलं? म्हटलं, मी. मग म्हणाला, आई, भंगारात कशाला, आता चांगलं गिऱ्हाईक मिळेल, आणि मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. म्हणजे मी एवढं घासलं ते विकायला सोपी जावी म्हणून? मी जाऊन गाडीसमोर उभी राहिले. आई, बाजूला हो ना. म्हटलं, होणार नाही, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग, आणि उद्या तुला एसटी स्टँडवर मी सोडते. सोडला. सगळा रस्ता मुठी आवळून बसला होता. उतरताना म्हणाला, हळू जा. विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता बाजाराला, दवाखान्यात मी गाडीनेच जाते. सात जणांची गाडी आणि आत मी एकटी, मागे पिशवी ठेवते ती वळणावर घरंगळते, तेवढीच सोबत. एकदा गडग्यापाशी हॉर्न दिला, ताई, रेवदंड्याला येताय का? आतून म्हणाली, माझं काय काम हाय तिथं. ठीक आहे, नाही तर नाही.

पण खारी हवा रंगालाही सोडत नाही, म्हणून दर रविवारी गाडी गोड्या पाण्याने धुते. त्याला एक हंडा पुरतो. मी दोन ठेवते, दुसऱ्याच्या पाण्यात माझी डाळ शिजते. भरलेले मिळतात, आणि कचरा पडू नये म्हणून दोन्हींवर केळीचं पान झाकलेलं असतं. गाडी धुवायच्या पाण्याला झाकण कशाला लागतं? मी काही विचारलेलं नाही. ती ठेवते, मी उचलते.