सासूबाईंचा झरा

—नाही हो साहेब, बाटल्यांची अदलाबदल नाही झाली. मीच भरल्या, मीच चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर ‘नळ’, दुसरीवर ‘झरा’. बसा आधी. पंपावर नको, तापलाय तो, या खोक्यावर बसा. म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेचं म्हणणं काय — झऱ्याचं पाणी नळाइतकंच शुद्ध? काकणभर जास्तच? आणि म्हणून वरचे साहेब म्हणतायत, एवढा चांगला झरा असताना गावाला हा पंप, ही टाकी हवी कशाला, बंद करून टाका? घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तुम्हाला आमच्या सासूबाई माहीत नाहीत ना, म्हणून. नळ आले तेव्हा सगळ्या गावानं हंडे लावले, एकाच बाईनं तोंड फिरवलं — कुणी? आमच्याच घरातल्या! का, तर पाण्याला औषधाचा वास येतो. वासाचं नुसतं निमित्त हो. पंप सुनेच्या ताब्यात, टाकीची चावी फिरवून सून पाणी सोडणार आणि सासूनं ते प्यायचं? छे! रोज चढण चढून झऱ्यावर. तिथं काठावर शेळ्या बसतात, वरचा सगळा गाळ वाहून त्यातच येतो. किती सांगितलं — पालथ्या घड्यावर पाणी. मागच्या वर्षी हगवण लागली. डोळे खोल गेले, आवाज फुटेना, आणि मला चक्क ‘पोरी’ म्हणाल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा! तेव्हा मी घाबरले, साहेब. म्हटलं, आता भांडायचं कुणाशी? हसू नका. दवाखान्याच्या मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं पोटभर रडले मी. जीव आहे माझा त्यांच्यावर, काय करता!

पाच दिवस सासूबाई दवाखान्यात. तेवढ्यात आम्ही — हे लिहू नका हं. लिहिताय? पेन ठेवा बघू खाली — तेवढ्यात वरच्या टाकीपासून झऱ्यापर्यंत नळी पुरली. ह्यांनी चर खणला, मी नळी जोडली, कपारीच्या मागून तोंड काढलं. खरा झरा वळवून खाली सोडला, शेळ्यांना. आणि वास? मधे कोळशाचा डबा बसवलाय, वास तिथेच जिरतो. घरी आल्या, पहिली ओंजळ प्यायल्या आणि म्हणाल्या, “बघ, ह्याला म्हणतात पाणी!” वर्ष झालं, एकदा पोट दुखलं नाही. श्रेय कुणाला? झऱ्याला! येईल जाईल त्याला सांगतात, सुनेच्या नळात काही राम नाही. आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते. मी! बाटली भरतानासुद्धा डोक्याशी उभ्या होत्या, मग दुसरीकडून भरणार कशी?

तर असं करा, खाली शेळ्यांकडे जा, खऱ्या झऱ्याची बाटली स्वतःच्या हातानं भरा. उजेडात धरा, काय काय पोहतंय ते दिसेल. तपासा आणि खरं तेच लिहा — झरा पिण्याजोगा नाही, पंप हवाच. नळीचं तेवढं नाव काढू नका. त्यांना कळलं ना, तर हट्टानं डबक्यातलं पितील, आणि पुन्हा तसं झालं तर ह्या खेपेला त्या उठायच्या नाहीत. द्याल ना शब्द? तुम्हालाही सासू असेल की —

शू! झऱ्यावरून हाका मारतायत. काय हो आई? अहो, ऐकू येत नाही! — तुम्हाला ऐकू आलं, साहेब? धार बारीक झालीय म्हणतायत. बरं, होते कधी कधी. आणि पुढे काय म्हणाल्या? ‘टाकीची चावी... जरा जास्त सोड’?

...

उठा साहेब. निघा तुम्ही. मला चावी सोडायचीय.