काकांनी निवडलेला मासा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे कप्तान, म्हणजे माझे सख्खे काका, आणि बंदरावरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी एका व्हेल शार्कच्या अंगात आकडा रुतवला. मासा काकांनी निवडला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, काका पोट बघून निवडतात. पोट फुगलेलं म्हणजे यकृत मोठं, यकृत मोठं म्हणजे तेल जास्त. हा धडा त्यांनी आपल्या सगळ्यांनाच दिला. त्या तेलावर आपल्या बोटींची लाकडं टिकली, मुलं शिकली. मला वडील नव्हते. काकांनी हाताला धरून बोटीवर घेतलं, बुडताना दोनदा केसांना धरून वर काढलं. तेव्हा मला केस होते! त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आकड्याला रिकामी पिंपं बांधलेली होती. बसएवढा तो मासा ती ओढत दुपारपर्यंत फिरला आणि दमला. बोटीला त्याने साधा धक्काही दिला नाही. किनाऱ्यावर आणून पोट फाडलं, तर आतून पिल्लं निघाली. हातभर लांबीची, अंगावर आईसारखेच पांढरे ठिपके. शेकड्यांनी. काही अजून वळवळत होती. मी दोन्ही हातांनी ती पाण्यात टाकत सुटलो. काका ओरडले, "अरे, वेडा झालास का? इकडे यकृत उन्हात खराब होतंय!"

मग आजवर आपण निवडून निवडून काय मारलं? त्या संध्याकाळी देवापुढे उभा राहिलो, पण हात जोडवेनात.

हो, आटोपतो. जेवण थंड होतंय, असं मागून कुणीतरी म्हणालं. दोनच मिनिटं.

यंदा अख्ख्या हंगामात एकच मासा दिसला. काका म्हणाले, "मासा हुशार झालाय." मी म्हणालो, "काका, हुशार नाही झाला. संपलाय." शिकारीवर बंदी येऊन वर्षं झाली. तरी आपण जातो, कारण मासे नेमके कुठे वर येतात हे फक्त आपल्या बोटींना माहीत, पहाऱ्यावरच्या बोटीला नाही. वडीलधाऱ्यांनी ती जागा कधी कागदावर उतरवू दिली नाही. आज काका बोट माझ्या स्वाधीन करणार, आणि उद्या पहाटे तुम्ही सगळे माझ्या मागोमाग तिकडेच निघणार, हे मला ठाऊक आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी सर्वांचा आभारी आहे. शाळा गावातली, भाषणाची सवय नाही. शब्द चुकला असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

काका, तुमची मात्र वेगळी माफी मागतो. आज सकाळी मी मत्स्यविभागाच्या कार्यालयात गेलो आणि ती जागा त्यांच्या नकाशावर दाखवून आलो. पहाऱ्याची बोट उद्यापासून तिथेच उभी असेल. कागदावर सही माझी आहे.