माळ नाही, तरी हजर

तुम्हीच सांगा भाऊ, भरवसा हेडमास्तरांच्या शब्दावर ठेवायचा, का त्यांच्या हजेरीपटावर?

आमच्या गावात मठाची अनुदानित शाळा आहे. जूनमध्ये मेंढपाळ सखाराम आणि त्याची पोरगी सुमन, दोघांना घेऊन मी पहिलीच्या प्रवेशाला गेलो. हेडसरांनी आधारची झेरॉक्स ठेवून घेतली अन् म्हणाले, "शेठ, आधी पोरीच्या घरच्यांनी मठाची माळ घालावी, मटन सोडावं. मग प्रवेश."

सखाराम म्हणाला, "सर, आमचा देव बिरोबा हाय. माळ न्हाई जमायची."

मी विचारलं, "सर, तुमाला पगार मठ देतो का सरकार?"

"पगार सरकारचा, संस्कार मठाचे," सर हसून म्हणाले. पोरगी परत मेंढरांमागं गेली.

दिवाळीच्या आधी शाळेच्या खिचडीसाठी माझ्या दुकानातून तेलाचे डबे पोचवायला गेलो, तर टेबलावर हजेरीपट उघडा. त्यात सुमनचं नाव, अन् पुढं रोजची हजेरी!

"सर, ही पोर मेंढरं राखायलीय. हितं कशी हजर?"

सर हळूच म्हणाले, "पट कमी पडायलाय शेठ. एका मास्तरची जागा जाईल. नाव असलं म्हंजे झालं, पोर कशाला लागती?"

"मग त्या नावाला माळ घातली का न्हाई?"

सरांनी हजेरीपट मिटला, पण माझा संताप अजून उतरला नाही. तुम्ही शाळेच्या समितीवर आहात म्हणून हात जोडून सांगतो. उद्या सुमनला तशीच, बिनमाळेची, वर्गात बसवा. तेवढी हिंमत नसेल तर तिचं नाव खोडा, पण हजेरी खरी लिहा.