अंगनातलं लगन आन हॉलातलं लगन

काय सांगू भाऊ तुमाले, माझं माहेर कुरखेड्याकडचं, बाप तळ्यात जाळं टाके, माय बाजारात मासोळ्या विके, आन लगन होऊन चामोर्शीच्या अलीकडं या गावात आली तं इथीबी तेच, तळं आन बाजार. घरचे, म्हनजे माह्या पोरीयचे बाप, जाळं टाकतेत, मी टोपली घेऊन बाजारात बसतो, थोडी धानाची बांधी हाये, त्याच्यातच दोन पोरी वाढवल्या. मोठी वंदना, लहानी प्रणाली.

वंदनाचं लगन घरीच केलं. अंगनात मांडव घातला, वरतून जांभळीच्या डहाळ्या टाकल्या, गल्लीतल्या बायांनी तांदूळ निसले, मानसांनी सरपन आनलं, शेजारच्या शेवंताबाईनं तं आपल्या घरची चूलच आमाले देऊन टाकली. कोनाले बोलवा लागलं नाई. पन वरात आली आन भाजी कमी पडली. मी मागच्या दारी चुलीवरच्या भाजीच्या गंजाजवळ उभी, धुरानं डोळे चुरचुरून राह्यले, आन समोर मंगलाष्टकं सुरू झाली. कोनीतरी माह्या हातात अक्षता देऊन गेलं, त्या मी भिंतीकडं तोंड करूनच टाकल्या. हात पुसून समोर आली तं पोरीच्या गळ्यात हार पडलेला होता. यात कोनाचा दोष नाई. घरचं लगन म्हनजे घरची बाई चुलीपाशी, असंच चालत आलं. माह्या मायनंबी माझं लगन पाह्यलं नसन, मी कदी विचारलं नाई.

प्रणाली नर्सचं शिकली. पोरगा गडचांदूरचा, सिमेंटच्या कारखान्यात हाये. तिकडच्यांनी सांगतलं, तुमाले जमते तिथी लगन करा, आमी येऊ. मंग आमच्या घरात गोष्ट निघाली. घरचे म्हनले, अंगनातच करू. मी म्हनलं, हॉल करा. ते माह्याकडं पाहतच राह्यले, म्हने हे तू म्हनून राह्यली का?

माझा भाऊ आला, दोघं हिशेब कराले बसले, मांडव, भांडे, आचारी, पान्याचा टँकर एकीकडं आन हॉलवाल्याचं एकमुस्त एकीकडं, तं लय फरक निघाला नाई. घरचे म्हनले, पैशाचं सोड, गावाचं काय? आपन सगळ्यायच्या मांडवात राबलो, आन आपल्या वेळेस त्यायले पाहुन्यासारखं हॉलात बोलवाचं का? हे त्यायचं खरं होतं, भाऊ. मी बाजारात बसल्या बसल्या लय दिवस हेच मनात घोळवत राह्यली. घरी केलं तं गाव जवळ राहते, पन मी मागच्या दारी जातो. हॉलात केलं तं मी समोर बसतो, पन गाव दूर जाते.

एक दिवस ते जेवाले बसले होते, तवा मी म्हनलं, वंदनाचं लगन तुमी पाह्यलं, मी नाई पाह्यलं. एवढंच म्हनलं. त्यायले हे मालूमच नोहतं. इतके वर्षं त्यायले वाटे का मी तिथीच कुठीतरी बायांत उभी होती. घास ताटात ठेवला आन म्हनले, उद्या चामोर्शीले जातो, हॉल पाहून येतो.

तं हॉलात लगन झालं. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली, हातात काई काम नाई, मले तं हात कुठी ठेवावं समजे ना. अंतरपाट खाली आला तवा प्रणालीनं पहिले नवऱ्याकडं नाई, माह्याकडं पाह्यलं. ते मी पाह्यलं भाऊ, ते आता कोनी माह्यापासून नेऊ शकत नाई.

पन गल्लीतल्या बाया ट्रॅक्टरमंदी बसून आल्या आन कोपऱ्यात गप बसून राह्यल्या. शेवंताबाई वाढाले उठली तं वाढनारे म्हनले, बसा मावशी, आमी हाओत ना. डीजेपुढं कोनाचं गानं उमटलं नाई. हॉलवाला म्हने, लवकर आटपा, मागून दुसरं लगन हाये. पोरीले परक्याच्या फाटकातून लावून देल्ली आन घरी आली, तं अंगन जसं झाडून गेली होती तसंच, एक पत्रावळबी पडून नाई. तवा मले रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर शेवंताबाई बोलेच ना. मी म्हनलं, काऊन वं, राग आला का? तं म्हने, राग कायचा, तुह्या पोरीच्या लगनात मले काईच कराले भेटलं नाई बाई.

मी पान्यानं भरला गुंड तिथीच ठेवला, घरी आली, घरच्यायले म्हनलं, जाळं घ्या. दुपारपर्यंत मासोळ्या आल्या. मी दारोदार गेली, म्हनलं, चला, मासोळ्या साफ कराच्या हायेत, भात रांधाचा हाये. सगळ्याजनी आपापल्या विळ्या घेऊन आल्या. शेवंताबाईनं भाताचा गंज आपल्या ताब्यात घेतला, मले हातबी लावू देल्ला नाई, आन काम करता करता बायांनी लगनाचे गाने धरले, नवरी नाई का नवरा नाई, पन दोघायचं नाव घेऊन घेऊन म्हनले. घरच्यांनी प्रणालीले फोन लावला आन फोन तसाच बायांमंदी ठेवून देल्ला. तिकडं तिची सासू विचारे, हा आवाज कायचा हाये वं? मंग आमची पोरगी सासूले म्हनते, आमच्या घरी माझं लगन लागून राह्यलं.

आता गल्लीत कोनाचं लगन निघालं का बाया मले विचारतेत, घरी करू का हॉलात? मी सांगत नाई. दोन्हीकडं काई ना काई सुटतेच, काय सुटू द्याचं ते ज्याचं त्यानं पाहावं. प्रणाली सुखात हाये, तिकडं धूळ लय म्हनते, पन मानसं चांगले हायेत. राहो बाप्पा, अशीच राहो.