फोसुआ आजीच्या मयताला डुफीला रडू येईना

हॅलो?… हॅलो! कोण, बोआटेमा?… अगं मी डुफीच बोलतेय. हळू बोल, मयताला आलेय… हो, तेच, कांदेवाल्या फोसुआ आजीचं. तू कुठे पोचलीस?… स्टँडवर? एवढ्यात? विमानतळाची गाडी लागली का?… बरं, खिडकीशी बस, नाहीतर तुला मळमळतं.

नाही गं, सोडायला येणारच होते. पण आज शनिवार! आपल्या कुमासीत शनिवारी मयताला जातात, तू निघालीस लेकीकडे कॅनडाला. तेही कायमची… छे, राग कसला? तू चाललीस तरी मला काही म्हणजे काही वाटत नाहीये. बघ किती सुधारले!

ते राहू दे. ऐक ना, माझी वाट लागलीय… अगं रडू येत नाहीये. मला! डुफी अश्रू सेवेच्या मालकिणीला!… हसतेस काय? इथे धंदा बुडायला आलाय आणि दात काढतेस?

सकाळपासून सहाजणी रडायचे पैसे घेऊन, काळी-लाल कापडं नेसून मांडवात बसलोय, एकीच्या डोळ्यात टिपूस नाही. का म्हणजे? तुझ्यामुळे! तुझं ते चर्चमधलं शिबिर, 'उद्योजिके, चांगल्या सवयी लाव, स्वतःचं मन ओळख'! लावल्या सवयी. पहाटे उठते, गार पाण्याने तोंड धुते, तांब्याभर पाणी पिते. ते पाणी डोळ्यांकडे येईल तर शपथ… हो, कामावरच्या मुलींनाही नेलं होतं. तूच म्हणालीस, मालकीण एकटी सुधारून भागत नाही.

आता काय होतं सांगू? ऊर बडवायला हात उचलते, पहिला हुंदका वर येतो, की लगेच त्या शिबिरवाल्या बाईंचा आवाज. 'डुफी, थांब. तीन श्वास घे. या भावनेचं नाव काय?' मी म्हणते, दुःख. 'त्याला नमस्कार कर.' मी करते, की ते निमूट उठून जातं! चहापाण्यालासुद्धा थांबत नाही मेलं.

क्वाकूची आठवण? काढली ना! नवरा म्हणून काडीचा उपयोगी पडला नाही, पण धंदा सगळा त्याच्यावर चालला. डोळे मिटले की माझं शिवणयंत्र डोक्यावर घेऊन पळताना दिसायचा आणि हंबरडाच फुटायचा. पण शिबिरात क्षमेचा गृहपाठ दिला होता ना?… केला मी! मनापासून केला! आता तो पळताना दिसला की वाटतं, जपून रे बाबा, जड आहे ते. अगं भांडवल होतं ते माझं! सगळं भांडवल माफ करून बसलेय!

कांदा?… तोही चोळून झाला. आजीच्या शवपेटीभोवती कांद्याची पोतीच रचलीत, त्यातलाच एक फोडला. गोड निघाला.

थांब हं… काय, ओपोकूकाका?… हो, हो, सुरू करतोच. घसा मोकळा करतोय जरा… गेले. आजीचे भाऊ गं, कुळाचे म्होरके. त्यांनी बजावलंय, पेटी उचलायच्या आत मांडव रडला नाही, तर त्या ताचिवाच्या रडणाऱ्या बायकांना बोलावणार. आणि एकदा इथून उठवलं ना, की कुमासीत मला कुणी दारात उभं करणार नाही. ती ताचिवा आलीच आहे! आंब्याखाली बसून माल्टची बाटली ढोसतेय. मधूनच हळूच रडून दाखवते… नमुना म्हणून!

अगं पुढचं तर ऐक. मांडवात खरं रडणारा एकच माणूस होता, आजीचे यजमान, बाडूबाबा. आमच्या सहाजणींतली अफ्रिये गेली त्यांच्याजवळ आणि विचारलंन, 'बाबा, आत नेमकं काय वाटतंय?' भोंगेवाल्याला वाटलं भाषण आहे, त्याने माइक धरला तोंडाशी. बाबांनी तीन श्वास घेतले आणि म्हणाले, 'वरवर भूक. त्याखाली… जरा सुटका.'… हो, भोंग्यावर! केजेटिया बाजारापर्यंत गेलं असेल. आता बसलेत फुफूचे गोळे खात. आणि अफ्रियेपुढे ही रांग! थोरली सून म्हणाली, मला मत्सर वाटतो. धाकटी म्हणाली, मला झोप येतेय. सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत गं! मयताची काही कळाच राहिली नाही.

अगं बाई, पेटी उचलायला माणसं उठली. ताचिवापण उठली. बोआटेमा, लवकर काहीतरी सुचव!… काय?… गाडी हलली? आत्ताच?… नाही, तसं नाही. कळतं मला, ड्रायव्हर काय माझ्यासाठी थांबणार आहे…

अगं, तुझं ते वेण्या घालायचं स्टूल माझ्याच दारात राहिलंय… असू दे? असू दे काय! बसणार कोण त्याच्यावर?… नाही. काही झालं नाहीये मला. मी शांत आहे… नाव? थांब, घेते श्वास. एक… दोन… नाव नाही सापडत गं. बोआटेमा, ह्याला नावच नाही सापडत!

जाऊ नकोस गं!… नको गं जाऊस! माझे केस कोण विंचरणार आता? कोण येऊन भांडणार माझ्याशी, मीठ जास्त झालं म्हणून? मला एकटीला टाकून कुठे निघालीस गं बाई!… खोटं बोलले मी! वाटतंय, खूप वाटतंय!

ए भोंगेवाल्या, काढ तो माइक! हे कामाचं नाही, हे माझं आहे!… हॅलो? ऐकतेयस का? अगं, इथे सगळा मांडव रडायला लागलाय! अफ्रिये लोळतेय. ओपोकूकाका धुळीत बसलेत, लहान पोरासारखे. बाडूबाबांनी फुफू बाजूला सारलं, नाव घेऊन हाका मारतायत आजीला. ताचिवा… अगं ताचिवा रडतेय, तीही फुकट!… नको काका, माझे हात नका धरू. पेटी उचला तुम्ही. माझी मैत्रीण चाललीय हो…

बोआटेमा? तुटतोय आवाज… काय म्हणालीस?… हो गं, माझाही आहे, खूप जीव आहे तुझ्यावर. स्वेटर घाल. आणि ऐक, पोचलीस की लगेच फोन कर गं!… हॅलो?… हॅलो?