इंजिनावरचा डाग

फार घासूपुसू नये रे कधी, माझं ऐका. आमच्या डोंगरगाडीचं जुनं डिझेल इंजिन आम्ही पुन्हा चालू करत होतो. त्याच्या झाकणावर काळा गोल डाग होता. दोन दिवस घासून मी तो काढला. चाचणीला गणूकाका माणगावहून आले. हेच इंजिन चालवून ते रिटायर झालेले. केबिनमध्ये शिरले ते थेट झाकणापाशी.

"हितला डाग कुठं हाय?"

"मी काढला, काका," मी ऐटीत म्हटलं.

"माझा डबा तापायचा हितं. हिचं कालवण उतू जायचं, त्याचा डाग तो."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. काकांनी चकचकीत पत्र्यावरून तळवा फिरवला.

"चांगलं केलंस. ती पण म्हणायची, पुसा तो, लोक काय म्हणतील. मीच ठेवला होता मुद्दाम."