कढईच्या बुडाचा कुस्करा

माहेर माझं चुडावा, दिलं ताडकळसला. लहानपनापासून मला एकच खोड, हे असं कामून अन् ते तसं कामून, समद्यांना इचारत सुटायचं. माय म्हनायची, ह्या पोरीचं तोंड कोनीतरी शिवा गं. सासरी आले तर आत्याबाई, म्हंजी माझी सासू, पयल्याच दिवशी म्हनल्या, तोंड कमी चालव अन् भाकरी थाप.

तर कुस्कऱ्याचं सांगते. सांच्याच्या भाकरी उरल्या की आमच्याकडं सकाळी कुस्करा. त्यात काय एवढं म्हनताल, भाकर चुरायची, तेलात मोहरी, कांदा, मिरची, शेंगदाने, हळद, वरून पान्याचा हबका, झालं. पर आत्याबाईच्या हातचा खाऊन मानसं बोटं चाटायची.

औंदा त्यांना ताप आला. ताप गेला पर तोंडाची चवच गेली, आठ दिवस नुसता चहा. डाक्टर म्हनला, पोटात काई गेलं न्हाई तर अवघड हाय. मला लय भ्या वाटलं. इचारलं, काय खावं वाटायलंय? तर म्हनल्या, कुस्करा कर.

केला. दोन घास घेतले अन् ताट सारलं, त्यो न्हाई गं. आता त्यो म्हंजी कोन्ता? ताक शिंपडून बघितलं, त्यो न्हाई. लसूण ठेचून घातला, त्यो न्हाई. बाजारात भाजीवालीला इचारलं, पिंगळीच्या नंदेला फोन लावला तर ती म्हनली, मला काय ठावं वहिनी, मी आयतं खानारी. अन् हर बारी आत्याबाईचं एकच, कढई घासली का गं? मला असा राग यायचा. म्हनलं, जीव चाललाय अन् ध्यान भांड्यात कामून?

चौथ्या दिवशी फोनच्या नादात कुस्करा बुडाला लागला. वरचा काढून कढई घासायला न्यायले तर त्यांची नजर कढईमागं फिरायली. मी तिथंच थांबले. चाळीस वर्षं ह्या बाईला ताटात कुस्करा खाताना मी बघितलं का? सासरा, लेकरं, गडी जेवायचे, मग मला वाढायच्या, अंगावर पाजायलीस, तू खा आधी. अन् समद्यात शेवटी कढई मांडीपाशी घेऊन उलथन्यानं बूड खरवडायच्या. समद्या गावाला इचारनारी मी, त्यांना कदी इचारलं न्हाई.

कढई पुढं ठेवली, उलथनं हातात दिलं. पार बूड चकचकीत होईस्तोर खाल्लं बाई त्यांनी. मी रडायले तर म्हनल्या, रडतीस कामून, अजून जरा लागू द्यायचं.

आता महादेवाच्या किरपेनं आत्याबाई अंगनात हिंडायल्यात, मी मुद्दाम बूड लागू देते. परवा सून मला म्हनली, आई, तुमाला कोन्ता आवडतो, वरचा का खालचा? काय सांगू ताई तुमाला, मी म्हनलं, आधी समद्यांना वाढ. आज सकाळी तिनं समद्यांच्या आधी मला वाढलं, दोन्ही वाढलं, अन् समोर बसून राहिली. म्हनलं, थांब, खाऊन सांगते. देव भलं करो तिचं, थांबली.